वादळानंतर घराचं छप्पर कसं तपासायचं? कोकणातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'निसर्ग' चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलं. 'तौक्ते' १६ आणि १७ मे २०२१ ला किनारा धरून वर सरकलं. दोन्ही वादळं पावसाळ्याच्या उंबरठ्यावर आली. अशा वेळी वादळ आणि पहिला मोठा पाऊस यांच्यात हातात मोजकेच दिवस उरतात. उडालेलं छप्पर कुणाच्याही नजरेतून सुटत नाही. घात करतं ते जागेवर दिसणारं, पण सांध्यांत सुटलेलं छप्पर. म्हणून पुढची बरीचशी उत्तरं कौलं आणि पत्रे कशाने धरलेत याबद्दल आहेत.

वारा पडला. लगेच बाहेर पडून छप्पर बघू का?

नको. वादळाचा केंद्रभाग गावावरून जात असेल तर मध्येच सगळं शांत होतं, आणि थोड्या वेळाने वारा उलट दिशेने येतो. पहिल्या वाऱ्याने सैल केलेले पत्रे बहुधा या दुसऱ्या वाऱ्यात जातात, आणि नेमका तेव्हाच माणूस अंगणात उभा असतो. हवामान खात्याने किंवा तहसील कार्यालयाने वादळ पुढे गेल्याचं कळवलं की मगच बाहेर पडा.

बाहेर आल्यावर आधी वर बघा ते तारांकडे. खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर तुटून पत्र्यावर पडली असेल तर अख्खं छप्पर, लोखंडी पन्हळ, पत्र्याला बांधलेली कपड्यांची तार, या सगळ्यांत वीज उतरलेली असू शकते. गावची लाईन गेलीय म्हणून गाफील राहू नका. शेजारच्या इन्व्हर्टर-जनरेटरमुळे किंवा लाईन अचानक सुरू झाल्यामुळे तीच तार जिवंत होते. ओल्या अंगणात टेस्टर लावून बघण्याचा उद्योग करू नका. १९१२ वर तक्रार द्या आणि माणसांना-गुरांना लांब ठेवा. तार शाबूत असली तरी छपराला हात लावण्याआधी घरातला मेन स्विच बंद करा.

तपासणी कुठून सुरू करायची?

आधी जमिनीवरून, मग घरातून, आणि गरज पडली तरच वरून. बहुतेक जण हे उलट करतात: शिडी लावून थेट वर चढतात आणि ओल्या शेवाळावरून घसरतात, नाहीतर धड असलेली दहा कौलं पायाने फोडून खाली येतात.

घराला लांबून एक फेरी मारा. सगळं आढं एका नजरेत येईल इतके मागे जा. आढ्याची रेघ सरळ दिसते का? वळचणीची रेघ मध्येच खाली-वर झालीय का? पाख्यावर (छपराच्या उतरत्या बाजूवर) एखादा भाग वेगळा चमकतो किंवा काळवंडलेला दिसतो का? मोबाईलचा कॅमेरा झूम करून चारही बाजूंचे फोटो घ्या. पडद्यावर मोठं करून पाहिलं की डोळ्यांना न दिसलेलं सरकलेलं कौल सापडतं, आणि हेच फोटो पुढे पंचनाम्याला लागतात. अंगणात पडलेले तुकडेही फेकण्याआधी बघा. कौलाचा तुकडा असेल तर कुठल्या ओळीतला, स्क्रू असेल तर वायसरसकट आलाय की नुसता, यावरून वरचं नुकसान बरंचसं कळतं.

घरातून काय बघायचं?

भर दुपारी, दिवे बंद करून, माळ्यावर जा. डोळे अंधाराला सरावू द्या. मंगळुरी कौलांच्या खाचांमधून उजेडाची बारीक किनार दिसणं नेहमीचंच आहे, त्याने घाबरू नका. उजेडाचा ठिपका, त्रिकोण किंवा सरळ चीर दिसली तर ती जागा बिघडलेली. तिच्या बरोबर खालच्या वाशावर खडूने खूण करा. वर गेल्यावर "ते भोक नेमकं कुठं होतं?" हा घोळ होत नाही.

मग बॅटरी घेऊन वासे आणि रिपा (वाशांवरच्या, कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्या) बघा. ताजी ओल गडद आणि कडा स्पष्ट असलेली दिसते. जुन्या गळतीचा डाग फिका आणि तपकिरी कडेचा असतो. जुन्या डागावर ताजी ओल असेल तर तिथली रीप बोटाने किंवा स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघा. टोक सहज आत गेलं तर ती रीप वादळाने बिघडलेली नाही, वादळाने फक्त उघडी पाडली. ती बदलायचीच.

पाणी पलंगावर ठिबकतं, पण त्याच्या वरचं कौल तर धड आहे. असं कसं?

पाणी ठिबकतं तिथेच आत शिरलेलं असतं असं नाही. फुटक्या कौलातून आत आलेलं पाणी रिपेवर पडतं, वाशाच्या अंगाने उतरतं आणि वाशाला जिथे गाठ, खिळा किंवा सांधा भेटतो तिथे सुटतं. पाच-सहा फुटांचा फरक सहज पडतो. ठिबकण्याच्या जागेपासून वाशाला धरून आढ्याच्या दिशेने वर शोधत जा. खाली वळचणीकडे शोधण्यात अर्थ नाही, पाणी उतार सोडून वर चढत नाही. याला एकच अपवाद: पश्चिमेच्या किंवा नैर्ऋत्येच्या जोरदार वाऱ्यात पाऊस कौलांच्या चढावाखालून उलटा आत ढकलला जातो. गळती फक्त वाऱ्याच्या पावसातच होत असेल आणि कौल धड असेल तर कौलांचा एकमेकांवरचा चढाव कमी पडतोय, किंवा पाख्याला उतार कमी आहे, असं समजा.

कौलांमध्ये नेमकं काय तपासायचं?

क्रमाने चार जागा बघा: वळचणीच्या खालच्या दोन ओळी, दोन्ही बाजूंच्या कडा, आढ्यावरची कोनी (आढं झाकणारी कौलं) आणि दोन पाखे मिळतात ती पन्हळ. वारा छपराला सगळ्यात जास्त ओढतो तो कडांना आणि कोपऱ्यांना. मधला भाग बहुधा झाड किंवा फांदी पडल्याशिवाय बिघडत नाही.

कौलाच्या पोटाला वरच्या बाजूला रिपेत अडकणारं नाक असतं. वाऱ्याने कौल उचललं आणि परत आपटलं की हे नाक तुटतं. वरून बघाल तर कौल अगदी जागेवर. पण त्याला आता फक्त वजन आणि शेजाऱ्यांचा आधार उरलेला असतो. पुढच्या पावसाळी वाऱ्यात ते सरकतं, आणि मग घरमालक म्हणतो, "वादळात काही झालं नाही, साध्या पावसात गेलं." माळ्यावरून नाकं रिपेला टेकलेली दिसतात का, ते ओळीने बघत जा. संशय आला तर कौल खालून तळव्याने हळूच वर ढकला. नाक शाबूत असलेलं कौल सोडल्यावर रिपेवर नीट बसतं, तुटलेलं खाली घसरतं.

केसासारखी चीर डोळ्यांना दिसत नाही, कानाला कळते. कौल उचलून बोटाच्या पेराने ठोका. धड कौल खणखणतं, चिरलेलं बद्द आवाज करतं. ओलं कौल जरा बद्द वाजतंच, त्यामुळे ही परीक्षा वाळल्यावर करा.

कोनी चुन्यात किंवा सिमेंटात बसवलेली असतात. माल सुटलेला असेल तर कोनं हाताने हलतं. नुसती वरून सिमेंटची पट्टी ओढू नका. जुना माल पूर्ण काढा, कोनं भिजवा, आणि एकास चार मालात पुन्हा बसवा. माल जास्त तिखट केला, म्हणजे सिमेंट जास्त घातलं, तर तो वाळताना आकसतो, कौलापासून सुटतो, आणि त्या फटीतून पाणी आधीपेक्षा जोरात येतं.

कडेच्या दोन ओळींची कौलं तारेने बांधलेली नसतील तर आता बांधून घ्या. बऱ्याच मंगळुरी कौलांच्या पोटाला त्यासाठी भोक असतं, पण बांधतं कोण! जस्ताचा मुलामा दिलेली किंवा तांब्याची तार वापरा. साधी बाइंडिंग वायर खाऱ्या हवेत दोन-तीन पावसाळ्यांत गंजून तुटते.

शेजाऱ्याची कौलं राहिली, आमचे नवे पत्रे उडाले. पत्रा मजबूत नाही का?

पत्रा मजबूत असतो, हलकाही असतो. वाऱ्याचा दाब काढायचं साधं सूत्र आहे: वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्याला हा दाब दर चौरस मीटरला साधारण ४७ किलो वजनाइतका येतो. उताराच्या छपरावर वाऱ्याच्या मागल्या पाख्यावर आणि कडांवर तो वरच्या दिशेने ओढतो. कोपऱ्यात ही ओढ त्याहून जास्त असते.

आता वजनं बघा. एका चौरस मीटरला सुमारे १५ मंगळुरी कौलं लागतात, म्हणजे ३५ ते ४० किलो. शिवाय कौलांच्या फटींतून हवा जाते-येते, त्यामुळे आतला-बाहेरचा दाब थोडा समान होतो. अर्धा मिलिमीटर जाडीचा रंगीत पत्रा त्याच जागेत चार ते पाच किलो भरतो, आणि त्यातून हवा जात नाही. साडेतीन फूट रुंद, दहा फूट लांब पत्र्याला वारा जवळजवळ दीडशे किलोच्या ओढीने उचलतो, आणि पत्र्याचं वजन जेमतेम पंधरा किलो. बाकीचं सगळं स्क्रूंनी पेलायचं. त्यात वाऱ्याच्या बाजूची खिडकी फुटली की आत घुसलेली हवा छपराला खालूनही ढकलते. म्हणून पत्रे गेलेल्या घरात फुटलेल्या खिडक्या-दारंही तपासा.

उडाले नाहीत त्या पत्र्यांमध्ये काय बघायचं?

प्रत्येक स्क्रू. वैताग वाटेल, पण खरी तपासणी हीच. वारा पत्रा सतत वर-खाली करतो, आणि स्क्रूभोवतीचं गोल भोक लांबट होतं. स्क्रू जागेवर, पत्राही जागेवर, पण भोक स्क्रूच्या डोक्याएवढं होत आलेलं. खालून हाताने पत्रा दाबून सोडा. 'टक टक' आवाज आला तर पकड गेलेली आहे.

लांबट भोकात तोच स्क्रू पुन्हा आवळून काही होत नाही. एक नंबर जाड स्क्रू आणि मोठं रबरी वायसर घाला, किंवा त्याच उंचवट्यावर दोन-तीन इंच सरकून नवा स्क्रू मारा आणि जुनं भोक सीलंटने बुजवा. वायसर चपटं होऊन बाहेर ओसंडेल इतकं आवळू नका. असं रबर उन्हात वर्षभरात तडकतं. वायसर किंचित दबलं की थांबा. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर हवा, पन्हळीत मारला तर पाणी त्याच्यावरूनच वाहतं.

कडेच्या आणि वळचणीच्या पाइपांवर प्रत्येक उंचवट्याला स्क्रू मारून घ्या, मध्ये एकाआड एक चालतो. खर्च वाचवायला ठेकेदार सगळीकडेच एकाआड एक, कधी दोनाआड एक मारतात. हे काम चालू असताना मोजायचं असतं, पैसे दिल्यावर मोजून हळहळ तेवढी होते.

मग खालचा सांगाडा बघा: पाइपाच्या वेल्डिंगला चीर, वेल्डजवळ गंजाची ताजी केशरी धार, आणि खांबाच्या तळाशी प्लेट सैल झालीय का. गच्चीवरच्या शेडचे पत्रे सगळे शाबूत असून अख्खी शेडच दोन इंच सरकल्याचं पुष्कळदा दिसतं. तळाचे बोल्ट स्लॅबऐवजी वरच्या कोब्यात बसवलेले असले की असं होतं. कोब्याला ओढ पेलत नाही.

सिमेंटच्या पत्र्यावर चढायचं का?

नाही. वर माणसाचं वजन पेलेल असं ते वाटतं, पण जुना सिमेंट पत्रा सूचना न देता फुटतो, आणि माणूस थेट फरशीवर येतो. अगदीच नाइलाज असेल तर किमान दोन आधारांवर टेकेल अशी फळी टाका आणि हुकांच्या ओळीवरूनच जा, कारण खाली आधाराचा पाइप किंवा वासा तिथेच असतो. शिडी चार फूट उंचीला एक फूट या हिशेबाने तिरकी ठेवा, वळचणीच्या वर तीन फूट जाऊ द्या आणि बांधा.

हुकाचं वायसर गेलं असेल, हुकाभोवती चांदणीसारखी चीर असेल, किंवा चढाव सहा इंचांहून कमी झाला असेल, तर दुरुस्ती हवी. जुन्या सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे धागे असतात. त्यांची धूळ फुप्फुसात जाऊन वर्षानुवर्षांनी आजार देते. फुटके तुकडे पाण्याने भिजवून मगच उचला, कोरडे कापू किंवा झाडू नका, आणि गोणीत भरून बांधा. तोंडाला नुसता रुमाल बांधून भागत नाही, एन-९५ मास्क लावा. रस्त्याच्या खड्ड्यात ते तुकडे भर म्हणून टाकायची पद्धत आहे. तसं करू नका.

भिंती आणि वासे तपासायलाच हवेत का? छप्पर तर उभं आहे.

हवेतच. मोठ्या वाऱ्यात छप्पर किंचित उचललं जाऊन परत बसतं. वासा भिंतीवर जिथे टेकतो तिथे खिळा वर आलेला, ताजं लाकूड उघडं पडलेलं किंवा चिऱ्यावर घासल्याची नवी खूण दिसली, तर हे घडलेलं आहे. जांभ्याच्या भिंतीचा सगळ्यात वरचा थर हलतो का ते हाताने बघा आणि भिंतीला ओळंबा लावा. भिंत बाहेर कललेली असेल, किंवा आढ्याला दोरी ताणल्यावर मधला झोल पूर्वीपेक्षा वाढलेला असेल, तर कौलं बदलत बसू नका. आधी सुतार किंवा इंजिनिअर दाखवा, आणि तोवर त्या खोलीत झोपू नका.

छपरावर माड किंवा आंब्याची फांदी पडलीय. कापून काढू?

स्वतः नाही. पडलेल्या झाडाचं वजन कुठे टेकलंय आणि कुठे ताणलंय, हे खालून कळत नाही. चुकीच्या जागी करवत लावली की बुंधा उसळतो किंवा गडगडतो. झाड आधी दोरखंडांनी बांधावं, शेंड्याकडून थोडं थोडं हलकं करत यावं, बुंधा शेवटी. खालच्या खोलीत कोणीही नको. झाड निघाल्यावर दाबाखालचे वासे तपासा: आडवी चीर पडलेला वासा कौलं चढवल्यावर मोडतो.

स्लॅबच्या घराला काही होत नाही ना?

स्लॅबला क्वचितच. पण पावसाळी पाइपाची जाळी पाल्याने बुजते, गच्चीचं तळं होतं आणि कोब्यातल्या जुन्या भेगांना आयतं पाणी मिळतं. जाळी साफ करा, कठड्याच्या बुंध्याशी असलेली गोलाई सुटली का बघा, कठडा हलवून बघा. पाण्याच्या टाकीचं झाकण शोधा. रिकामी प्लॅस्टिकची टाकी वादळात सहज उडते, म्हणून पुढच्या वेळी वादळाच्या आधी ती भरून ठेवा.

सोलर पॅनेल?

ऊन आहे तोवर पॅनेल वीज बनवतंच, मेन स्विच बंद केला तरी. तडकलेलं पॅनेल किंवा उघडी पडलेली वायर असेल तर हात लावू नका, बसवणाऱ्यालाच बोलवा.

दुरुस्तीला मिस्त्री मिळेपर्यंत ताडपत्री कशी टाकायची?

वादळानंतर तालुक्यात एकही मिस्त्री मोकळा नसतो, तेव्हा हे नीट जमायला हवं. बाजारातली पातळ निळी ताडपत्री महिनाभरात फाटते. किमान २०० जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम भरणारी घ्या. भोकापुरती टाकू नका: वरची कड आढ्यावरून पलीकडच्या पाख्यावर तीन फूट उतरली पाहिजे. नाहीतर वरून आलेलं पाणी ताडपत्रीच्या खाली शिरतं आणि आत जास्तच गळतं. बाजूच्या कडा बांबूला किंवा रिपेला दोन वेढे गुंडाळा आणि बांबू दोरीने वाशांना आतून बांधा. दगड ठेवू नका. वाऱ्यात दगड घरंगळतो, कौल फोडतो, आणि खाली कोण असेल ते सांगता येत नाही.

कौलं किती मागवू? जुन्यांना नवी बसत नाहीत.

एका ब्रासला, म्हणजे १०० चौरस फूट पाख्याला, साधारण १४० ते १५० कौलं लागतात. मोजताना जमिनीचं क्षेत्र धरू नका, उताराची लांबी धरा. वाहतुकीत फुटणारी धरून शंभराला दहा जास्त घ्या.

मंगळुरात १८६५ साली बासेल मिशनने सुरू केलेल्या कारखान्यानंतर कौलांचे कितीतरी कारखाने निघाले. प्रत्येकाचा साचा थोडा वेगळा. त्यामुळे जुनं धड कौल नमुना म्हणून सोबत न्या आणि दुकानात दोन्ही एकमेकांत बसवून बघा. खाच जुळत नसेल तर मिसळू नका. एका पाख्यावरची सगळी धड जुनी कौलं काढून दुसरा पाखा पुरा करा, आणि पहिल्यावर सगळी नवी चढवा. रिपांमधलं अंतर मात्र नव्या कौलावर मोजून पुन्हा ठोकावं लागेल.

पंचनाम्याआधी दुरुस्ती केली तर चालेल?

ताडपत्री टाका, पण पक्की दुरुस्ती पंचनाम्यानंतर. तलाठी आणि ग्रामसेवक येईपर्यंत फुटकी कौलं, वाकलेले पत्रे एका कोपऱ्यात रचून ठेवा. तारीख-वेळ उमटलेले फोटो, घरपट्टीची पावती, आधार आणि बँक पासबुकाची प्रत तयार ठेवा. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांप्रमाणे किमान १५ टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये, कच्च्याला ४,००० रुपये आणि घराला जोडलेल्या गोठ्याला ३,००० रुपये मदत ठरलेली होती. मोठ्या वादळानंतर राज्य सरकार वेगळा निर्णय काढून रक्कम वाढवू शकतं. नुकसानाची टक्केवारी पंचनाम्यात लिहिली जाते, म्हणून सही करण्याआधी ती वाचा. गोठा, संडास, पडवी यांचं छप्पर गेलं असेल तर त्याची वेगळी नोंद झाली का हेही बघा. घराचा विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवा, पंचनाम्याची वाट बघू नका.

दुरुस्ती झाली. आता परत कधी बघायचं?

पहिला जोराचा पाऊस पडत असताना, बॅटरी घेऊन, माळ्यावर. खडूच्या जुन्या खुणा पुसू नका. त्याच जागी ओल दिसली तर कौल बदललं पण कारण राहिलं. नवीन जागी दिसली तर कामगाराच्या पायाखाली कौल फुटलंय, आणि मिस्त्रीला बोलवायला सर आहे तोवरच फोन करा, म्हणजे त्याला ठिबकताना दाखवता येईल.